मायस्थेनिया ग्रॅव्हिस

मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात, त्या सांध्यावर घाला घालणारा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, विकार. मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकापर्यंत सुखरूप येतो. तिथून स्नायूपर्यंतची अतिसूक्ष्म फट तो ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या रूपाने ओलांडतो. शरीराने स्वतःच तयार केलेली प्रतिपिंडे (एरवी जंतूंशी लढणारी प्रथिने) स्नायूवरचे या रसायनाचे ग्राही, म्हणजे ते टिपून घेणारे रेणू, अडवतात, नष्टही करतात. स्नायू धडधाकट, पण हुकूम अर्धाच पोचतो.

काम केले की दुबळेपणा वाढतो, विसावा मिळाला की ताकद परतते, ही या आजाराची खूण. सुरुवात बहुधा डोळ्यांत होते: पापणी ओघळते, एकाचे दोन दिसते. जेवायला बसल्यावर पहिले घास नीट चावले जातात. भाकरी संपत येते तोवर जबडा लटकतो आणि रुग्ण हनुवटीला हाताचा टेकू देतो. बोलता बोलता आवाज गेंगाणा होतो. सकाळी दवाखान्यात तोच माणूस ठणठणीत दिसू शकतो. ‘थकवा’ हा शब्द इथे फसवा आहे; तो ऐकून घरचे अंगचोरपणाचा शिक्का मारून मोकळे होतात.

इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्येच अशा एका बाईची नोंद केली होती; बराच वेळ बोलले की तिची वाचाच बसे. उपचाराला मात्र १९३४ साल उजाडावे लागले. ही लक्षणे बाणांना लावायच्या कुरारे विषाच्या बाधेसारखी दिसतात, मग त्यावरचा उतारा इथेही का चालू नये, असा विचार करून ग्रिनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयातील डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिन हे उताऱ्याचे औषध टोचले, आणि ओघळलेली पापणी उचलली गेली. आजही पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच तत्त्वावर चालते. गिळणे सोपे जावे म्हणून अनेक रुग्ण ती जेवणाच्या अर्धा तास आधी घेतात.

निदानाची एक युक्ती तर घरगुती वाटावी अशी: मिटलेल्या पापणीवर दोनेक मिनिटे बर्फ धरला की ती तात्पुरती वर येते. खात्री रक्तातील प्रतिपिंडांच्या आणि मज्जातंतूंच्या विद्युत चाचणीने होते. प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणाऱ्या, छातीतील थायमस ग्रंथीचाही यात हात असतो. सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत तिथे गाठ सापडते. ग्रंथी काढणे, स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे हे पुढचे उपचार. अमिताभ बच्चन यांना १९८०च्या दशकात हा आजार झाल्यावर त्याचे नाव भारतात घरोघरी पोचले.

आजाराचा झटका येऊन श्वासाचे स्नायू दुबळे पडले तर व्हेंटिलेटर लागतो. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकेही हा झटका आणू शकतात. म्हणून साध्या तापासाठी गेले तरी डॉक्टरांना आजाराचे नाव आधी सांगावे लागते.