पैसे लगेच पोचतात, हिशोब नंतर मिटतो

यूपीआयवरून भावाला पाच हजार पाठवले की काही सेकंदांत त्याच्या खात्यात ते दिसू लागतात. मात्र त्या क्षणी तुमच्या बँकेने त्याच्या बँकेला एक रुपयाही दिलेला नसतो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेतून फक्त निरोप फिरलेले असतात: तुमच्या बँकेला ‘वजा करा’, त्याच्या बँकेला ‘जमा करा’. बँकांची आपसातली देणीघेणी दिवसातून अनेक फेऱ्यांत मिटतात. एका बँकेचं एकूण देणं ७०० कोटी आणि येणं ६५० कोटी असेल, तर रिझर्व्ह बँकेतल्या तिच्या खात्यातून फक्त ५० कोटी जातात.

कुठल्याही देशाची पेमेंट व्यवस्था जोखताना हे मधलं अंतर आधी पाहावं. त्या वेळात एखादी बँक बुडाली तर? २६ जून १९७४ ला जर्मनीतली हेरश्टाट बँक अशीच मध्येच बंद केली गेली. समोरच्या बँकांनी मार्क (जर्मनीचं तेव्हाचं चलन) देऊन टाकले होते, न्यूयॉर्कमधून यायचे डॉलर आलेच नाहीत. मोठ्या रकमा एकेक करून, तिथल्या तिथे चुकत्या करणारी आरटीजीएस पद्धत पुढे जगभर रुजली त्यामागे हा धडा होता. भारतात ती २००४ मध्ये आली.

ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने हीच शिस्त किरकोळ व्यवहारांना लावली. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या पिक्स या तिथल्या झटपट पेमेंट सेवेत दोन बँकांमधला प्रत्येक व्यवहार मध्यवर्ती बँकेतल्या खात्यांवर लगेच चुकता होतो. त्यासाठी बँकांना रविवारी मध्यरात्रीही तिथे पैसा तयार ठेवावा लागतो. ब्रिटनची फास्टर पेमेंट्स (२००८) आपल्यासारखीच नंतर हिशोब मिटवते; पण २०१५ पासून बँकांना जास्तीत जास्त जितकं देणं होऊ शकेल तितकी रोकड बँक ऑफ इंग्लंडमध्ये आधीच बाजूला ठेवावी लागते. माझ्या मते हा तोडगा फार शहाणपणाचा आहे.

अमेरिकेत मध्यवर्ती बँकेची फेडनाऊ ही अशीच सेवा जुलै २०२३ मध्ये उशिरानेच आली, आणि त्यात सामील होणं बँकांच्या मर्जीवर आहे. युरोपने कायदाच केला: युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांनी जानेवारी २०२५ पासून दहा सेकंदांत पैसे स्वीकारायचे, ऑक्टोबरपासून पाठवायचे, आणि पाठवण्याआधी खातेदाराचं नाव जुळतं का तेही दाखवायचं.

वेग वाढला की चोरांचंही फावतं. ब्राझीलमध्ये लोकांना पळवून नेऊन पिक्सने पैसे काढून घेण्याचे प्रकार वाढले, म्हणून २०२१ पासून रात्री ८ ते सकाळी ६ या वेळेत व्यक्तींसाठी १,००० रेआलची (ब्राझीलचं चलन) मर्यादा आली.

आपल्याकडे १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय अडखळली. काही बँकांकडून ‘या व्यवहाराचं काय झालं?’ अशा विचारणांचा पूर आला आणि त्या भाराखाली खरे व्यवहार रखडले. आता पहिली विचारणा ठरावीक वेळ थांबूनच करायची, आणि दोन तासांत तीनपेक्षा जास्त नाही, असा दंडक आहे.

तुमच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि समोर जमा झाली नाही, तर बहुतेक वेळा उत्तर वाटेत अडकलेलं असतं. लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. व्यक्तीला पाठवलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिलेली पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यानंतर उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे.