राणी गेली, आता नवी करा

कांदा बियाण्याच्या प्लॉटला गोंडे फुलले की खान्देशात मधपेट्यांची शोधाशोध सुरू होते. रावेर-यावलच्या केळीचं मधमाशीवाचून काही अडत नाही, परागीभवनाशिवायच घड भरतो. कांद्याचं तसं नाही. त्याच्या एकेका फुलात पराग आधी झडतात, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणजे इकडचे पराग तिकडे न्यायला कोणीतरी लागतंच.

अशा पेटीतली फ्रेम, म्हणजे पोळं बांधलेली चौकट, उचलली तर कधीकधी भुईमुगाच्या शेंगेसारखं काहीतरी लोंबताना दिसतं. ते राणीघर, नवी राणी वाढते ती जागा. ते कुठे लोंबतंय यावरून पेटीवाला बराचसा अंदाज बांधतो. पोळ्याच्या खालच्या कडेला अशी पुष्कळ घरं असतील, तर वसाहत फुटायच्या बेतात आहे. जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन उडून जाणार. मधोमध एक-दोनच असतील तर राणी थकलीय. कामकऱ्यांचीच घरं ओढूनताणून वाढवलेली दिसली, तर मात्र राणी अचानक मेली असं समजायचं.

तिन्ही वेळा अळी एकाच जातीची. राणी आणि कामकरी, दोघी फलित अंड्यातल्याच, फरक खुराकाचा. सुरुवातीला सगळ्यांनाच रॉयल जेली, म्हणजे कामकरी माश्यांच्या ग्रंथींतून झरणारं दुधट अन्न, मिळते. पुढे कामकरीला मध आणि पराग, राणीला मात्र जेलीच. म्हणून मेलिफेरा या पाळीव मधमाशीच्या जातीत राणी १६ दिवसांत बाहेर येते, कामकरीला २१ लागतात.

पण सगळं श्रेय जेलीला देऊ नये. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी डीएनएवर मिथाइलच्या, म्हणजे जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक, खुणा बसवणारं एक एन्झाइम अळ्यांमध्ये दाबलं, तर इतर अळ्यांसारखाच खुराक खाऊन बहुतेक अळ्या राणीच्या वळणावर गेल्या. २०१५ मध्ये दिसलं की पराग आणि मधातलं पी-कुमॅरिक आम्ल हे वनस्पतींतलं रसायन अळीच्या अंडाशयाची वाढ रोखतं. थोडक्यात, राणीला काय चारलं याइतकंच तिला काय चारलं नाही हेही मोलाचं. जेलीच्या महागड्या बाटल्या विकणाऱ्यांना हे फारसं रुचणार नाही.

राणी करायला अळी जेमतेम तीन दिवसांपर्यंतचीच चालते. राणी गेल्यावर तशी एकही शिल्लक नसेल तर काही आठवड्यांत कामकरीच अंडी घालू लागतात, आणि त्यांतून निघतात नुसते नर. त्याआधीच शेजारच्या पेटीतली ताज्या अंड्यांची फ्रेम आत सरकवावी, बाकीचं माश्या बघून घेतात.