नोरा औनोर यांचा हुकलेला आणि मिळालेला सन्मान : पार्श्वभूमी

फिलिपिन्सच्या गायिका आणि अभिनेत्री नोरा औनोर यांचे १६ एप्रिल २०२५ रोजी निधन झाले आणि काही दिवसांतच महानगर मनिलातील वीरांच्या दफनभूमीत त्यांना शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. हा इतमाम त्यांना लोकप्रियतेमुळे मिळालेला नव्हता, कारण लोकप्रियतेसाठी फिलिपिन्सचे सरकार कोणाला लष्करी मानवंदना देत नाही. त्या २०२२ पासून 'राष्ट्रीय कलाकार', म्हणजे कलावंतांसाठीच्या देशातील सर्वोच्च सन्मानाच्या मानकरी, होत्या आणि शासकीय अंत्यसंस्कार हा त्या सन्मानाबरोबर येणारा हक्क आहे. हाच सन्मान २०१४ मध्ये त्यांच्या हाती पडता पडता राहिला होता, आणि तो का राहिला याचा उलगडा त्यांच्या कारकिर्दीइतकाच त्या सन्मानाच्या घडणीतही शोधावा लागतो.

सुरुवातीची कहाणी सर्वपरिचित असल्याने ती थोडक्यात सांगितली तरी पुरे. बिकोल विभागातील इरिगा येथे १९५३ मध्ये जन्म, लहानपणी रेल्वे स्थानकावर गाड्यांतील प्रवाशांना पाणी विकणे, मग हौशी गायकांच्या स्पर्धा, आणि त्यांतील सर्वांत मानाच्या स्पर्धेत १९६७ मध्ये विजेतेपद. त्याच वर्षी त्या पडद्यावर आल्या. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांची 'पर्ली शेल्स' ही ध्वनिमुद्रिका देशातील सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक ठरली, आणि दूरचित्रवाणीवरील 'सुपरस्टार' या त्यांच्या संगीतविषयक कार्यक्रमाचे नाव पुढे त्यांच्याच नावामागे कायमचे चिकटले. त्या वेळी नायिकांचा साचा गोऱ्या, उंच आणि स्पॅनिश किंवा अमेरिकी रक्ताचा वारसा दिसेल अशा चेहऱ्यांचा होता. सावळ्या, ठेंगण्या आणि गरीब घरातील या मुलीने तो मोडला, आणि तिच्या चाहत्यांत घरकाम करणाऱ्या बायका, गिरणी कामगार आणि फेरीवाले यांचा भरणा का होता हे वेगळे सांगायला नको. त्या प्रेमाला काही धरबंध नव्हता. पडद्यावरील जोडीदाराने भेट दिलेली एक बाहुली या दोघांची 'मुलगी' म्हणून मिरवली जाई, तिला नाव होते आणि तिची बातमीही होत असे. या वेडाला हसणारे तेव्हाही होते. पुढे सन्मानाचा वाद पेटला तेव्हा त्या हसण्याचा सूर पूर्णपणे मावळलेला नव्हता, असे म्हणण्यास जागा आहे.

गाणारी किशोरवयीन तारका ते गंभीर अभिनेत्री हा बदल त्यांनी कोणाच्या कृपेची वाट न पाहता स्वतःच्या निर्मितीसंस्थेतून घडवून आणला. १९७६ हे त्यातले निर्णायक वर्ष होय. जपानी ताब्याच्या काळातील, शत्रुसैनिकाशी लग्न करणाऱ्या शिक्षिकेची कथा सांगणारा चित्रपट त्यांनी त्या वर्षी स्वतः निर्माण केला. समीक्षकांनी नुकत्याच सुरू केलेल्या पुरस्कारांत उत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला मान त्यांना मिळाला तो याच भूमिकेसाठी. त्याच वर्षीच्या 'मिन्साय इसांग गामुगामो' या दुसऱ्या चित्रपटात त्या अमेरिकेला जाण्याची स्वप्ने पाहणारी परिचारिका होत्या. अमेरिकी लष्करी तळाच्या कुंपणापाशी तिच्या धाकट्या भावाला गोळी घातली जाते, आणि रानडुक्कर समजून गोळी झाडली असे स्पष्टीकरण येते. त्यावर शवपेटीपाशी उभी राहून ती ओरडते की माझा भाऊ डुक्कर नाही. लष्करी कायदा लागू असलेल्या देशात, तळांच्या प्रश्नावर उघड बोलणे जोखमीचे असताना, एका लाडक्या गायिकेच्या तोंडून हे वाक्य थेट चित्रगृहांत गेले. या चित्रपटाच्या दिग्दर्शिका लुपिता आक्विनो यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तो येथे नोंदवून ठेवतो.

त्यानंतरची मोठी नावे वाचकांना ठाऊकच आहेत. 'बोना' हा त्यांचा चित्रपट १९८१ मध्ये कान महोत्सवाच्या दिग्दर्शक पंधरवड्यात दाखवला गेला. १९८२ चा 'हिमाला' पुढच्या वर्षी बर्लिनच्या मुख्य स्पर्धेत होता. त्याच्या शेवटी वाळूच्या टेकाडावर हजारोंच्या गर्दीसमोर ध्वनिक्षेपकापाशी उभी असलेली, नोरा यांनी साकारलेली एल्सा सांगते की चमत्कार वगैरे काही नाही, देव आणि चमत्कार माणसेच निर्माण करतात, आणि त्यानंतर तिला गोळी लागते. सिंगापूरमध्ये मार्च १९९५ मध्ये फाशी दिल्या गेलेल्या फिलिपिनो मोलकरणीवरील त्याच वर्षीच्या चित्रपटासाठी त्यांना कैरो महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. परदेशी कष्टायला जाणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न त्या वेळी देशभर धगधगत होता, त्यामुळे त्या भूमिकेकडे कोणी नुसती भूमिका म्हणून पाहिले नाही.

याच्या बरोबरीने राजकारणातील चुकीच्या बाजूला उभे राहण्याचे त्यांचे कसबही नोंदवायला हवे. १९८६ च्या निवडणुकीत त्यांनी हुकूमशहा फर्डिनंड मार्कोस यांच्या बाजूने प्रचार केला आणि काही आठवड्यांतच ती राजवट कोसळली. २००१ मध्ये आपल्याच प्रांताच्या गव्हर्नरपदासाठी त्या उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्यानंतर अमेरिकेतील वास्तव्याची वर्षे आली, आणि ३० मार्च २००५ रोजी लॉस एंजेलिसच्या विमानतळावर सामानात मेथॲम्फेटामिन हा अमली पदार्थ सापडल्यावरून त्यांना अटक झाली. सन्मानाचा सारा वाद या एका दिवसावर येऊन अडला, म्हणून त्या प्रकरणाचा शेवट कसा झाला हे नीट सांगणे आवश्यक आहे. व्यसनमुक्तीचा ठरवून दिलेला कार्यक्रम पूर्ण करण्याच्या अटीवर त्यांचे प्रकरण नेहमीच्या खटल्यातून बाजूला काढण्यात आले. कार्यक्रम पार पडल्यावर २००७ मध्ये आरोप काढून टाकण्यात आले. या पद्धतीत अट पाळणाऱ्या आरोपीविरुद्ध दोषसिद्धीचा निकाल नोंदवलाच जात नाही, कारण व्यसनी माणसाला गुन्हेगाराचा शिक्का न मारता सुधारण्याची संधी देणे हाच तिचा हेतू असतो.

आता सन्मानाकडे वळू. 'राष्ट्रीय कलाकार' हा मान एप्रिल १९७२ मध्ये, लष्करी कायदा येण्याच्या काही महिने आधी, राष्ट्राध्यक्षांच्या एका जाहीरनाम्याने अस्तित्वात आला, आणि जन्मापासूनच तो राष्ट्राध्यक्षांच्या हातचा राहिला. पुढे नावांची छाननी दोन सरकारी सांस्कृतिक संस्थांकडे गेली. तज्ज्ञांच्या समित्या एकामागून एक फेऱ्यांत यादी गाळतात, दोन्ही संस्थांची मंडळे एकत्र बसून अंतिम नावे ठरवतात, आणि ती नावे राष्ट्राध्यक्षांकडे जातात. निकषांत राष्ट्रभावनेच्या जडणघडणीतील वाटा, अभिव्यक्तीतील नवेपणा, सातत्यपूर्ण आणि भरीव निर्मिती आणि देशातील वा परदेशातील मान्यता या गोष्टी येतात. चारित्र्याचा दाखला त्यांत कोठेही मागितलेला नाही.

२००९ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया आरोयो यांनी तज्ज्ञांच्या अंतिम यादीत नसलेली चार नावे स्वतः घातली आणि यादीतले एका संगीतकाराचे नाव गाळले. त्या चौघांपैकी एक तर सन्मान ठरवणाऱ्या संस्थेतीलच उच्च अधिकारी होत्या. कलावंतांनी त्या वेळी सन्मानाचीच प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली आणि आधीचे सन्मानित कलाकार सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०१३ मध्ये न्यायालयाने चारही नावे रद्द केली. निकालाचे सार असे की शिफारस नसलेल्या व्यक्तीला राष्ट्राध्यक्षांनी सन्मान देता येत नाही. मात्र शिफारस ही शिफारसच असते, ती स्वीकारायची की नाही हा अधिकार त्यांच्याकडेच उरला. बाहेरून आत येण्याची वाट अशी बंद झाली, आतून बाहेर काढण्याची मात्र उघडीच राहिली.

त्या उघड्या वाटेने वर्षभरात नोरा औनोर यांचे नाव बाहेर गेले. २० जून २०१४ रोजी सहा राष्ट्रीय कलाकार घोषित झाले. २००९ मध्ये गाळलेले संगीतकार त्यांत होते. ज्यांचे नाव यादीत असणार हे सगळ्यांनी गृहीत धरले होते त्या मात्र नव्हत्या. प्रारंभी कारण सांगितले गेले नाही. काही दिवसांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो आक्विनो (तिसरे) यांनी स्वतः खुलासा केला : त्या अमली पदार्थांच्या प्रकरणात दोषी ठरल्या आहेत, राष्ट्रीय कलाकार हा लोकांपुढील आदर्श असतो, आणि असा सन्मान दिल्यास अमली पदार्थ चालवून घेतले जातात असा संदेश जाईल, असा त्याचा मथितार्थ होता.

या खुलाशातील पहिलाच आधार चुकीचा होता. दोषसिद्धी झालेली नव्हती आणि ही माहिती मिळवणे एखाद्या राष्ट्राध्यक्षीय कार्यालयाला अवघड नव्हते. दुसरा आधार, म्हणजे आदर्शाचा, विचार करण्याजोगा आहे हे मान्य करावे लागेल. सन्मानाबरोबर आजीव मानधन आणि वैद्यकीय मदत मिळते, म्हणजे करदात्यांचा पैसा खर्च होतो, तेव्हा वर्तनाचा विचार करू नये असे म्हणणे सोपे नाही. परंतु तसा निकष लावायचा असेल तर तो लिहून ठेवावा लागतो, सर्वांना सारखा लावावा लागतो, आणि तज्ज्ञांनी अनेक फेऱ्यांत तपासलेले नाव शेवटच्या टेबलावर एका वाक्याने खोडता येत नाही. या सन्मानाच्या आधीच्या मानकऱ्यांत मद्य आणि देणी यांबाबत निष्कलंक नसलेल्या व्यक्ती नव्हत्याच, असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

येथे मघाशी राखून ठेवलेला उल्लेख येतो. १९७६ च्या त्या तळविरोधी चित्रपटाच्या दिग्दर्शिका २०१४ च्या राष्ट्राध्यक्षांच्या सख्ख्या आत्या होत. राष्ट्राध्यक्षांचे वडील म्हणजे १९८३ मध्ये मनिलाच्या विमानतळावर हत्या झालेले विरोधी नेते, आणि चित्रपट बनला तेव्हा ते तुरुंगात होते. हुकूमशाहीच्या काळात आत्याने जिच्याकडून देशाच्या स्वाभिमानाचे वाक्य वदवून घेतले, तिला लोकशाहीत भाच्याने देशाच्या सन्मानास अपात्र ठरवले. १९८६ मध्ये नोरा विरुद्ध गोटात होत्या ही बाब या निर्णयामागे होती असे काही जण तेव्हा सुचवत. त्याला पुरावा नाही आणि नातेसंबंधांतून राजकीय निर्णय वाचण्याची हौस आवरलेली बरी, पण हा योगायोग दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

त्यांनी स्वतः फारशी कटुता दाखवली नाही. काम चालूच होते. २०१२ मध्ये देशाच्या दक्षिणेकडील तावी-तावी बेटांच्या समुद्रावर राहणाऱ्या बाजाऊ जमातीतील सुईणीच्या भूमिकेने त्यांना आशियाई पातळीवरील उत्कृष्ट अभिनेत्रीचे पुरस्कार मिळवून दिले होते, आणि २०१५ मध्ये हैयान वादळातून वाचलेल्यांवरील त्यांचा चित्रपट पुन्हा कानला गेला. म्हणजे देशाच्या सन्मानाच्या यादीबाहेर असतानाच त्या देशाचे नाव बाहेर नेत होत्या.

२०१८ मध्ये सात नवे राष्ट्रीय कलाकार घोषित झाले. २००९ च्या रद्द झालेल्या चौघांपैकी एक वास्तुरचनाकार या वेळी रीतसर छाननीतून आले. नोरा औनोर यांचे नाव याही यादीत नव्हते. अखेर १० जून २०२२ रोजी, राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांचा कार्यकाळ संपायला अवघे वीस दिवस उरले असताना, आठ जणांच्या यादीत ते आले. 'हिमाला'चे पटकथाकारही त्याच यादीत होते. २०१४ मध्ये नकार देणारे राष्ट्राध्यक्ष वर्षभरापूर्वीच निवर्तले होते. अमली पदार्थांचे कारण पुढे करून ज्यांना नाकारले गेले होते त्यांच्या नावावर सही करणारा हात मात्र अमली पदार्थांविरुद्धच्या रक्तरंजित मोहिमेसाठी जगभर गाजलेल्या आणि २०२५ मध्ये त्यासाठीच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कोठडीत गेलेल्या दुतेर्ते यांचा होता. 'संदेश काय जाईल' हा २०१४ चा प्रश्न या सहीच्या वेळी कोणी विचारल्याचे दिसत नाही.

आणखी एक बाब या सगळ्या गदारोळात मागे पडली. २०१४ ची चर्चा आणि २०२२ ची घोषणा ही दोन्ही चित्रपट आणि प्रक्षेपण या कलाप्रकारांतली होती. ज्या गळ्याने त्यांना इरिगाहून मनिलाला आणले तो परदेशातील एका सौंदर्योपचारानंतर जायबंदी झाला होता, आणि शेवटची दीड दशके त्यांना पूर्वीसारखे गाता येत नव्हते. संगीताच्या विभागात सुगम संगीताचे रचनाकार आणि गीतकार यांचा सन्मान झाला आहे, गायनासाठी मात्र तो ऑपेरा, सारसुएला (संगीत नाटक) आणि समूहगान यांच्या परंपरेतील कलावंतांना मिळाला आहे. तबकड्यांवर आणि रेडिओवर गाणाऱ्या लोकप्रिय गायिकेला निव्वळ तिच्या गाण्यासाठी हा मान अद्याप मिळालेला नाही, आणि नोरा औनोर यांनाही तो त्यांच्या ध्वनिमुद्रिकांसाठी मिळालेला नाही.