वितरणाचा नियम नसता तर

शाळेच्या गणितात पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा एक धडा असतो. 0, 1, 2, 3 अशी न संपणारी रांग म्हणजे पूर्ण संख्या. मग संवृत (उत्तरही पूर्ण संख्याच येतं), क्रमनिरपेक्ष (क्रम बदलला तरी उत्तर तेच), साहचर्य (आधी कोणतीही जोडी घेतली तरी उत्तर तेच), वितरण (गुणाकार बेरजेवर वाटला जातो) ही नावं पाठ करायची आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरायच्या. 7 + 5 आणि 5 + 7 सारखेच, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. त्यासाठी एवढी जड नावं कशाला, असं मुलांना वाटतं आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण या चौघांत वितरणाचा गुणधर्म वेगळा आहे. बाकीचे तिघे बेरजेबद्दल काय ते बेरजेतच सांगतात, गुणाकाराबद्दल गुणाकारातच. बेरीज आणि गुणाकार या दोघांची गाठ पडते ती फक्त वितरणात. माझ्या मते त्या धड्यातला सगळा जीव तिथेच आहे.

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सात नारळ घेतले. समजा, एक नारळ 38 रुपयांना. विकणारी बाई काही अडतिसाचा पाढा म्हणत बसत नाही. चाळिसाने दोनशे ऐंशी, त्यातले चौदा कमी, दोनशे सहासष्ट. पिशवी हातात देईपर्यंत हिशेब झालेला असतो. वहीत लिहायचं तर 7 × (40 − 2) = 7 × 40 − 7 × 2. वितरणाचा गुणधर्म तो हाच, फक्त परीक्षेतल्या मुलापेक्षा तिला तो जास्त चांगला येतो.

शाळेतला मोठा गुणाकारही याच नियमावर उभा आहे. 47 × 23 करताना आपण आधी तिनाने गुणून 141 लिहितो, मग खालच्या ओळीत एककाच्या घरात शून्य किंवा फुली टाकून दोनाने गुणतो. तो दोन खरं म्हणजे वीस असतो, म्हणून ती ओळ 940 होते. बेरीज 1081. त्या फुलीचं कारण वर्गात क्वचितच सांगितलं जातं. सांगितलं तर वितरणाचा धडा वेगळा घोकावा लागणार नाही.

हा नियम खरा का, हे कुळागरात, म्हणजे पोफळीच्या (सुपारीच्या) बागेत, दिसतं. पोफळी नीट ओळींत लावलेल्या आहेत असं धरा: 12 ओळी, प्रत्येकीत 9 झाडं. बांधाच्या एका कडेने मोजलं तर 12 × 9, वळून दुसऱ्या कडेने मोजलं तर 9 × 12. झाडं तीच, 108. क्रम बदलला तरी गुणाकार का बदलत नाही, याचं हे उत्तर; बारा वेळा नऊ आणि नऊ वेळा बारा मांडून पाहिलं तर ते वाटतं तितकं उघड नाही. आता प्रत्येक ओळीतल्या सहाव्या झाडानंतर पाण्याचा पाट काढा. पाटाच्या अलीकडे 12 × 6 म्हणजे 72, पलीकडे 12 × 3 म्हणजे 36. पाट खणल्याने झाडं कमी झाली नाहीत, बेरीज 108 च.

उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही. 2 + (3 × 4) म्हणजे 14, पण (2 + 3) × (2 + 4) म्हणजे 30. गुणाकार बेरजेवर वाटला जातो, बेरीज गुणाकारावर नाही.

साहचर्याचा उपयोग थोडक्यात: 25 × 37 × 4 समोर आलं तर आधी 25 आणि 4 ची जोडी जमवा, 3700 तोंडी येतात. (जोडी जमवायला क्रमही बदलावा लागला, म्हणजे इथे दोन गुणधर्म कामाला आले.) वजाबाकीत अशी मोकळीक नाही. (12 − 5) − 3 हे 4 आणि 12 − (5 − 3) हे 10. शिवाय 5 − 9 चं उत्तर पूर्ण संख्यांत सापडतच नाही, त्यासाठी ऋण संख्या आणाव्या लागतात.

माणूस हे सगळं हजारो वर्षं वापरत आला, पण ‘क्रमनिरपेक्ष’ आणि ‘वितरण’ यांसाठीचे युरोपीय शब्द सेर्व्हॉ या फ्रेंच गणितज्ञाने 1814 मध्ये रूढ केले. 1843 मध्ये आयर्लंडच्या हॅमिल्टनने क्वाटर्नियन नावाच्या संख्या शोधल्या. त्यांत i, j, k अशा तीन खास संख्या असतात; i × j चं उत्तर k, तर j × i चं −k येतं. जिथे हे नियम मोडतात अशा गोष्टी समोर आल्या, तेव्हा कुठे त्यांच्याकडे नीट लक्ष गेलं.

आणि शून्य. ‘कोणत्याही संख्येला शून्याने गुणलं की शून्य’ हे मुलांना हुकूम सोडल्यासारखं सांगतात. तो हुकूम नाही, वितरणाचा परिणाम आहे. 0 + 0 = 0 हे बेरजेतून आलं. म्हणून 0 × 5 म्हणजेच (0 + 0) × 5, म्हणजे 0 × 5 + 0 × 5. एखादी संख्या स्वतःच्या दुपटीएवढी असेल, तर ती शून्यच असणार. पाचाच्या जागी काहीही ठेवा, हेच घडतं. वितरण मान्य केलं की दुसरा पर्याय उरत नाही.

शून्याने भागता येत नाही, तेही इथूनच. 5 ÷ 0 विचारणं म्हणजे शून्याला कशाने गुणलं तर पाच येतील, असं विचारणं. आणि ते कशानेच येत नाहीत. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे आणि गुणाकाराचे नियम बरोबर दिले, पण शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं लिहून ठेवलं. बाराव्या शतकात दुसऱ्या भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि तीत काही मिळवलं किंवा काढलं तरी ती बदलत नाही असं सांगितलं. कल्पना देखणी आहे, पण 5 ÷ 0 आणि 8 ÷ 0 दोन्ही एकच खहर धरलं, तर त्याला शून्याने गुणल्यावर पाच यायला हवेत की आठ? ब्रह्मगुप्ताच्या 0 ÷ 0 ची अडचण उलटी आहे. तिथे शून्य हे उत्तर चालतं, सातही चालतात, एकशे आठही चालतात. त्यांतलं एकच निवडायला कोणताही गुणधर्म मदत करत नाही.