बिनतारी इंटरनेटची तार

मोबाइलच्या पडद्यावर रेंजच्या चार-पाच दांड्या दिसतात, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपल्या मर्जीने ठरवतो. खरा आकडा सेटिंगमध्ये, सिमच्या माहितीत दडलेला असतो. सांगलीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी तो पाहिला तेव्हा उणे ७५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचे एकक) होता आणि जिना उतरून जाड भिंतींच्या माजघरात आलो तेव्हा उणे १०५ झाला. तीसचा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण या मापात दर दहाला ताकद दहापटीने बदलते. म्हणजे गच्चीवरून माजघरात येईपर्यंत सिग्नल हजारपटीने क्षीण झाला होता. उणे १०५ म्हणजे एका वॅटचे तीस लाख कोटी भाग केले, तर त्यांतला साधारण एक भाग. एवढ्याशा शक्तीवर फोनवरचा व्हिडिओ न अडखळता चालू होता, ही गोष्ट मला आजही थोडी अविश्वसनीय वाटते.

हा सिग्नल म्हणजे विद्युतचुंबकीय लहर, प्रकाशाचीच भावंड, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने जाणारी. लहरींच्या या कुटुंबात फरक असतो तो लांबीचा. सांगली आकाशवाणीची मध्यम लहर १२५१ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला साडेबारा लाख हेलकाव्यांची, म्हणून तिची लांबी २३९.८ मीटर, हा आकडा निवेदकांच्या तोंडून ऐकत आमची पिढी वाढली आणि त्याचा अर्थ मात्र आम्ही कधी विचारला नाही. एवढ्या लांब लहरीला घर, झाड किंवा टेकडी हा अडथळाच वाटत नाही. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातली लहर ३३ सेंटीमीटरची, वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची आणि फाइव्ह-जीसाठी आपल्याकडे प्रामुख्याने वापरली जाणारी ३.३ गिगाहर्ट्झजवळची लहर नऊ सेंटीमीटरची. लहर जितकी आखूड, तितकी ती अडथळ्याला वळसा घालायला नाखूश. शिवाय भिंत, पाणी, माणसाचे शरीर हे सारे तिला जास्त शोषतात. तासगावकडच्या द्राक्षबागेत एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर आणि पुढे मांडव पानांनी भरल्यावर फोनवरचा तोच आकडा पाहावा. पाने म्हणजे शेवटी पाण्याच्या पिशव्याच असतात. शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगरांच्या घड्यांमध्ये वसलेल्या वस्त्यांना रेंजसाठी उंचवट्यावर यावे लागते, त्याचे कारणही हेच. मग आखूड लहरी वापरायच्याच कशाला? कारण खालचे, म्हणजे लांब लहरींचे पट्टे अरुंद आहेत आणि ते आधीच भरलेले आहेत. मोकळी, रुंद जागा वर आहे. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले होते. आज फाइव्ह-जीच्या वरच्या पट्ट्यांसाठी अभियंते जवळपास त्याच प्रदेशात पोहोचले आहेत.

लहर नुसती पोहोचून भागत नाही, तिच्यावर मजकूर लादावा लागतो. तिची उंची आणि ठेका ठरावीक पायऱ्यांनी बदलायचा, आणि प्रत्येक पायरीचा अर्थ दोन्ही टोकांनी आधीच ठरवून ठेवायचा, एवढीच ती युक्ती आहे. आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात खिलार बैलाचा सौदा कसा व्हायचा, हे जुन्या माणसांना विचारावे. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हातात हात घालायचे आणि बोटे दाबून भाव सांगायचे. किती बोटे, कोणते पेर, याचा अर्थ दोघांना ठाऊक असे. फोर-जीच्या वीस मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात अशी बोटे बाराशे असतात, म्हणजे एकमेकींना चिकटून चालणाऱ्या बाराशे बारीक उपलहरी, आणि त्यांतली प्रत्येक सेकंदाच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाला एक खूण करते. सिग्नल स्वच्छ असेल तर एका खुणेत शून्य-एकचे आठ अंक मावतात. माजघरात सिग्नल क्षीण झाला की फोन आणि टॉवर आपसांत ठरवून दोन अंकांवर येतात, म्हणजे सावकाश आणि ठळक बोलू लागतात. नेट मंद होण्याचे पहिले कारण हे. उपरण्याचेही काम इथे आहेच. लहर आसपासच्या सगळ्याच फोनांना ऐकू जाते, पण सिममध्ये साठवलेली गुप्त किल्ली फक्त त्या सिमला आणि कंपनीला माहीत असल्यामुळे बाजार बघत उभा असला तरी भाव दोघांनाच कळतो.

मंदपणाचे दुसरे कारण गर्दी. तासगावच्या गणपतीच्या रथोत्सवात ऋषिपंचमीला उभे राहून फोन काढला, तर रेंज भरपूर आणि नेट ठप्प, असा अनुभव हमखास येतो. टॉवरकडे असलेला पट्टा तेवढाच असतो, वाटेकरी हजारो होतात. वाटप कसे होते हे म्हैसाळ किंवा ताकारी योजनेच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही, कारण ती सरळसरळ पाण्याची पाळी आहे. टॉवर हा पाटकरी. कोणत्या फोनला किती उपलहरी आणि किती वेळ, हे तो दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवतो. कालव्याची पाळी निदान आठवडाभर आधी कळते, इथली सेकंदाला हजारदा बदलते. गर्दीवर कंपन्यांकडे मुख्य उपाय म्हणजे टॉवर जवळजवळ उभारणे. प्रत्येकाने थोड्याच परिसराला पुरवठा करायचा आणि तीच लहर थोड्या अंतरावर पुन्हा वापरायची. शहरात टॉवर दाट आणि जतच्या माळावर विरळ दिसतात, ते त्यामुळे.

आता त्या टॉवरकडेच नीट पाहू. वरच्या बाजूला उभ्या, लांबट पेट्या दिसतात. त्या आपल्या फोनशी बोलतात. त्यांच्या खाली ढोलासारखी गोल तबकडी असेल, तर ती दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून सरळ रेषेत निरोप पाठवते आणि भर पावसात कधीकधी अडखळते. गोल तबकडी नसेल, तर टॉवरच्या पायथ्याशी जमिनीतून काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर आलेली असते. तबकडी असली तरी एक-दोन टप्प्यांनंतर ती तार लागतेच. बिनतारी इंटरनेट बिनतारी असते ते एवढ्यापुरतेच, फोनपासून टॉवरपर्यंतच्या काही शे मीटरपुरते, फार तर काही किलोमीटर. पुढचा जवळपास सारा प्रवास तारेतून होतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून सांगली ते मुंबई हे चारशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर दोन मिलिसेकंदांत कापले जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्रतळाच्या केबली येऊन लागतात आणि त्या आखाताकडे, युरोपकडे, सिंगापूरकडे जातात. रस्त्याच्या कडेला खोदकाम करणाऱ्या यंत्राने फायबर तोडली की फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि एकही पान उघडत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात तसे झाले, तेव्हा माझ्यासकट अर्ध्या गल्लीने फोन बंद-चालू करण्यात सकाळ घालवली. दोष फोनचा नव्हता आणि हवेचा तर नव्हताच.

हे लक्षात आले की मालकीचा प्रश्न आपोआप दोन भागांत विभागतो: हवेवर सत्ता कोणाची आणि तारेवर कोणाची.

हवेचा हिशेब जुना आहे. लहरींना सरहद्द कळत नाही, म्हणून कोणता पट्टा कशासाठी, याचा जागतिक करार जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात होतो. ही संस्था १८६५ साली तारायंत्रासाठी स्थापन झाली. भारतात १८८५ च्या तारायंत्र कायद्याने हा विषय सर्वस्वी केंद्र सरकारच्या हाती ठेवला आणि १९३३ च्या बिनतारी संदेशवहन कायद्याने परवान्याशिवाय साधन बाळगणेही गुन्हा ठरवला. साध्या रेडिओसाठी पोस्टात पैसे भरून परवान्याच्या पुस्तिकेवर तिकीट लावून घ्यावे लागे, ते या व्यवस्थेतून; जुन्या ट्रंकांत अशा पुस्तिका अजून सापडतात. पुढे १९९५ साली क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या मालमत्तेचे वाटप मनमानी झाल्याच्या कारणावरून याच न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले. आता मोबाइलचे पट्टे लिलावाने आणि वीस वर्षांच्या मुदतीने दिले जातात. २०२२ च्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लागली. देशाचे त्यासाठी बावीस विभाग पाडले आहेत आणि सांगली-सातारा ज्या महाराष्ट्र विभागात येतात, त्यात गोवा आहे, पण मुंबई नाही. जुन्या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी दूरसंचार कायदा, २०२३ संमत झाला आहे. मूळ सूत्र मात्र तेच आहे: हवा जनतेची, विश्वस्त सरकार आणि कंपनी मुदतीची भाडेकरू.

वायफायची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती अधिक आवडते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा पूर्वी नाकारलेल्या पडीक जमिनीसारखा होता, कारण मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात चालतो. आमच्याकडे स्वयंपाकघरात ओव्हन लावला की शेजारच्या खोलीतले नेट आजही अडखळते. भारतात २००५ साली हा पट्टा परवानामुक्त झाला आणि २०१८ साली पाच गिगाहर्ट्झजवळचा मोठा पट्टाही तसाच मोकळा करण्यात आला. इथे कोणी पाटकरी नाही. शक्तीची मर्यादा पाळायची, बोलण्यापूर्वी कोणी बोलत नाही ना हे ऐकायचे आणि दोघे एकदम बोललेच, तर दोघांनीही थोडा वेळ गप्प बसून पुन्हा प्रयत्न करायचा, एवढ्या शिस्तीवर एका अपार्टमेंटमधले वीस राउटर एकमेकांना सांभाळून घेतात. लिलाव नाही, भाडे नाही. गावाच्या पाणवठ्यासारखी ही जागा आहे.

तारेवरची सत्ता मात्र कंपनीची आणि तिच्यावर सरकारची. कंपनीने एका संकेतस्थळाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग दर लावू नयेत, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये केला. तो आपल्याकडच्या चांगल्या नियमांपैकी एक आहे, असे माझे मत आहे. सेवा थांबवण्याचा अधिकार सरकारकडे आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांच्या आदेशाने ती थांबवता येते आणि असा आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये बजावले. सप्टेंबर २०२३ मध्ये शेजारच्या सातारा जिल्ह्यात इंटरनेट सेवा अशीच स्थगित झाली होती. अशा वेळी हवेत काहीच बंद पडत नाही. टॉवर चालू असतो, फोनवर बोलणे होते, दांड्या पूर्ण दिसतात. फक्त डेटाची वाट कंपनीच्या यंत्रणेत, तारेच्या बाजूला अडवलेली असते. तारेची जोडणीही आदेशात आली, तरी घरातला राउटर नेहमीसारखा लुकलुकत असतो आणि माजघरातल्या फोनवरून पुढच्या खोलीतल्या प्रिंटरवर पान छापायला कोणाच्याच परवानगीची गरज पडत नाही.