तिबेटी बालग्रामांतील करमणूक व सांस्कृतिक जीवन

भारतातील तिबेटी निर्वासितांच्या ‘टिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज’ (टीसीव्ही) या निवासी संस्थांमध्ये खेळ, संगीत, नृत्य, सणवार आणि प्रार्थना यांची जी घडी बसली आहे, तिचा विचार येथे केला आहे. १७ मे १९६० रोजी जम्मूकडील रस्ताबांधणीच्या छावण्यांतून ५१ आजारी, कुपोषित मुले धरमशाला येथे आली. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ हाती घेतला. १९६४ मध्ये त्या वारल्या आणि धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी २००६ पर्यंत संस्था चालवली. पुढे लडाख, कर्नाटक आदी ठिकाणी शाखा निघाल्या. मुले मोठ्या वसतिगृहात न राहता छोट्या घरांत राहतात, आणि घर सांभाळणाऱ्या बाईंना ‘आमाला’ म्हणजे आई म्हणतात.

इतर बालगृहांत करमणूक ही बहुधा उरलेल्या वेळेची सोय असते. येथे तसे नाही. गाणी, नाच, सण हे सारे आईवडील आणि गाव यांच्याकडून मुलाला आपसूक मिळते. ते तुटल्यावर शिकवण्याचे काम संस्थेवर आले. गोलात फेर धरून नाचायचा ‘गोरशे’, हिमसिंह व याक यांची सोंगे, द्राम्येन हे तंतुवाद्य यांना शाळेत मानाचे स्थान मिळाले ते यामुळे. १९५९ मध्ये स्थापन झालेली ‘टिबेटन इन्स्टिट्यूट ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’ धरमशालेतच असल्याने तेथे तयार झालेले कलावंत शाळांना संगीतशिक्षक म्हणून मिळाले.

प्रार्थनेतही खेळ आहे. विद्येचा बोधिसत्त्व मंजुश्री याच्या मंत्राच्या शेवटी ‘धीः’ हे अक्षर एका दमात जितके म्हणता येईल तितके म्हणायचे असते. मुले त्याची शर्यतच लावतात! टाळी वाजवून, पाय आपटून प्रश्न टाकण्याची मठातील वादपद्धतीही शाळकरी मुलांपर्यंत पोचली आहे.

वर्षातला मोठा सण म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणारे नववर्ष, लोसार. त्याआधी, बाराव्या महिन्याच्या २९ व्या रात्री ‘गुथुक’ हे रस्सेदार जेवण होते. त्यात प्रत्येकासाठी कणकेचा एक मोठा गोळा असतो आणि गोळ्यात काहीतरी दडवलेले. कोळसा निघाला तर तो काळ्या मनाचा, मिरची निघाली तर बडबड्या. मोठ्यांच्याही वाट्याला कोळसा येऊ शकतो, ही यातली खरी गंमत. लोसारला खापसे ही तळलेली खारी-गोडी बिस्किटे होतात. अनेक तिबेटी कुटुंबे हिवाळ्यात स्वेटर विकण्यासाठी मैदानी शहरांत जातात (पुण्या-मुंबईला हे बाजार परिचित आहेत), मग सणाला आपल्या वसाहतीत परततात. त्यांची मुले सुटीत घरी जातात. ज्यांचे भारतात कोणीच नाही त्यांचा लोसार आमालाच्या घरी होतो. त्यामुळे संस्थेतला सण हा केवळ कार्यक्रम राहत नाही.

मैदानी खेळांत फुटबॉल आणि बास्केटबॉल अग्रभागी आहेत. दलाई लामांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ होणारी ग्याल्युम चेन्मो फुटबॉल स्पर्धा निर्वासित समाजात मोठ्या उत्साहाने पाहिली जाते. संस्थेचा आरंभ मे महिन्यातला असला तरी वर्धापनदिन ऑक्टोबरमध्ये होतो. त्या वेळी मुलांच्या सामूहिक कवायती आणि नृत्ये पाहुण्यांपुढे सादर होतात.

येथे एक ताण आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पाहुण्यांसमोर चुपा हा तिबेटी झगा नेसून नाचणारे मूल हौसेने नाचते तसेच एका हरवलेल्या देशाचे प्रतिनिधी म्हणूनही नाचते. ‘आपल्याआधी इतर’ हे संस्थेचे ब्रीद खेळाच्या मैदानावर पेलणे तर त्याहून कठीण. संध्याकाळचा कॅरम किंवा कोणी न आखलेला चेंडूचा खेळ यांचे मोल म्हणूनच कमी लेखू नये. तेथे कोणी कोणाचे प्रतिनिधी नसते.

२००८ नंतर तिबेटमधून येणाऱ्या मुलांचा ओघ फारच आटला. खाम किंवा आम्दो प्रांतातले गाणे घरून पाठ करून आलेले मूल आता क्वचित भेटते आणि त्या गाण्यांसाठी सारी भिस्त संगीतशिक्षकावर राहते.