मोटरहोमची बॅटरी रातोरात उतरते, तेव्हा

मोटरहोम म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी. तिची संध्याकाळी भरलेली बॅटरी सकाळी पार उतरलेली. रात्री ना टीव्ही चालू, ना दिवे. मग बहुतेक जण दुसरी बॅटरी बसवायला निघतात. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी करायचं काम.

आधी हिशोब करू. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी टिकवायची असेल, तर निम्मीच वापरायची. म्हणजे हाताशी 50. (एक अँपिअर तासभर घेतला, की खर्च एक अँपिअर-तास.) पाण्याचा पंप साधारण 6 अँपिअर खेचतो, घरघरतोही. त्यामुळे संशय त्याच्यावर जातो. पण दिवसभरात तो चालतो जेमतेम दहा मिनिटं, म्हणजे खर्च 1 अँपिअर-तास. उलट गुपचूप 2 अँपिअर घेणारी वस्तू 24 तासांत 48 संपवते. संपला कारभार!

अशी गुपचूप खाणारी वस्तू बहुधा इन्व्हर्टर असते, म्हणजे बॅटरीच्या विजेतून घरच्यासारखी वीज करून देणारं यंत्र. त्याला काहीही जोडलेलं नसलं, तरी नुसता चालू राहण्यासाठी मोठा इन्व्हर्टर एक-दोन अँपिअर सहज घेतो. त्याहून गमतीचा घोटाळा पुढे आहे. काही गाड्यांत इन्व्हर्टर सगळ्या सॉकेटना वीज देतो आणि त्यातल्याच एकावर बॅटरीचा चार्जर असतो. मग इन्व्हर्टर बॅटरीतून वीज काढतो, चार्जर तीच परत बॅटरीत भरतो आणि दोन्ही वेळा थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. आपलंच रक्त काढून आपल्यालाच चढवायचं, आणि दर फेरीला थोडं सांडायचं!

गॅसवर चालणारा फ्रिजही असाच फसतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण तापवून तो थंडावा निर्माण करतो. इन्व्हर्टरची वीज दिसली की ‘ऑटो’वरचा फ्रिज गॅस सोडून विजेच्या हीटरवर जातो. हीटर 300 वॅटचा असेल, तर बॅटरीतून 25 अँपिअरहून जास्त जातात.

चोर पकडायला डीसी, म्हणजे बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. तो तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा. साधा क्लॅम्प मीटर चालत नाही, कारण तो बदलत्या चुंबकीय क्षेत्रावर काम करतो आणि बॅटरीच्या तारेभोवतीचं क्षेत्र स्थिर असतं. बाहेरची वीज आणि सोलर तोडा, मीटर शून्यावर आणा आणि बॅटरीच्या निगेटिव्हला लागलेल्या सगळ्या तारा त्याच्या जबड्यात घ्या. समजा, आकडा आला 2.1. आता एकेक फ्यूज काढत जा. दिव्यांचा काढला, 2.1. रेडिओचा काढला, 2.0. सगळे काढून झाले तरी 1.6 उरलेच! इथे पुष्कळ जण गोंधळतात. इन्व्हर्टरची जाड तार फ्यूज-बॉक्समधून जातच नाही, ती थेट बॅटरीवर असते. त्याचं बटण बंद करा आणि आकडा बघा. (गॅसगळतीचा अलार्म मात्र बंद ठेवू नका, तो खातो थोडंसंच.)

सगळं बंद असताना मीटर 0.2 दाखवतो, तरीही सकाळी बॅटरी उतरलेलीच? मग ती पूर्ण भरा, 5 अँपिअरचा भार लावा आणि चार तासांनी काढून घ्या. बॅटरीला काही तास आराम देऊन व्होल्टेज बघा. 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. चार तासांत खर्च झाले फक्त 20, आणि ती निम्म्यावर आली असेल, तर 100 हा आकडा आता लेबलावरच उरलाय. आता खुशाल नवी बॅटरी आणा.